ऑटिझम आहे म्हणून घरात मराठी बंद?

केवडा

लिहू की नको करत महिना गेला. शेवटी आज लिहितेय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मुलगा साडेतीन वर्षांचा, इथे त्याला बंड्या म्हणते. दीड महिन्यापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. त्याआधी 'मुलगे उशिराच बोलतात', 'याचा बाबा कुठे लवकर बोलला होता' हे सगळं आमच्याही घरात यथासांग पार पडलं. बेरा टेस्ट करून घेतली, कान ठणठणीत आहेत. निदान आम्ही पचवतोय हळूहळू. मला आत्ता छळतोय तो प्रश्न वेगळाच आहे.

थेरपी सेंटरमध्ये पहिल्याच दिवशी सांगितलं की घरात एकच भाषा ठेवा, आणि ती इंग्रजी. तो एबीसीडी, आकडे, रंग इंग्रजीत म्हणतो, पुढे शाळा इंग्रजीच असणार, आणि त्यांच्याकडची चित्रांची कार्डंही इंग्रजी. आम्ही मान डोलावून घरी आलो.

घरची परिस्थिती अशी: मी आणि नवरा दोघं हिंजवडीत नोकरीला, बंड्या दिवसभर सासूबाईंजवळ. त्या मूळच्या वाईच्या, शिक्षण सातवी, बोलायला एक नंबर. मेथी निवडताना मेथीशी बोलतात, दूध उतू गेलं की दुधाला रागावतात. त्यांना आम्ही वीसेक इंग्रजी शब्द मराठी अक्षरांत लिहून दिले. कम, सिट, ईट, वॉटर, नो. कागद फ्रिजवर चिकटवला. चार दिवस त्यांनी इमानेइतबारे केलं. मग एकदा मी दुपारीच घरी आले तर घर चिडीचूप. बंड्या डब्याची झाकणं फिरवत बसलेला, या शेंगा सोलत बसलेल्या. म्हटलं, आई, बोलत का नाही? तर म्हणाल्या, "चुकीचं काही पडायला नको गं त्याच्या कानावर."

ते वाक्य डोक्यातून जात नाही.

आणि तो जे थोडंफार बोलतो ना, आकडे-रंग सोडले तर ते सगळं मराठीच आहे. तहान लागली की 'तुला पाणी हवं का?' म्हणतो. घरातून निघताना 'मी येते हं'. सोसायटीत लोक हसतात, मुलगा असून 'येते' म्हणतो म्हणून.

तुमच्यापैकी कुणाला असा सल्ला मिळाला होता का? काय केलंत?

ओली_भेळ

वाचतेय. आमचंही नुकतंच निदान झालंय. जागा पकडून ठेवते.

पावणेदोन

केवडा, आम्हाला हाच सल्ला न्यू जर्सीत मिळाला होता, आठ वर्षांपूर्वी. आम्ही तो तंतोतंत पाळला. त्याचं फलित म्हणजे मी आणि माझी बायको स्वतःच्या मुलीशी असं इंग्रजी बोलायला लागलो की जणू कॉन्फरन्स कॉलवर आहोत. 'प्लीज पुट युअर शूज ऑन.' अंगाई नाही, लाड नाही, रागावणंसुद्धा धड जमेना. रागावायला माणसाला आपलीच भाषा लागते.

दोन वर्षांनी दुसरी थेरपिस्ट मिळाली, स्पॅनिश घरातली होती. तिने पहिल्याच भेटीत विचारलं, "तुम्ही दोघं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलता?" मराठीत, म्हटलं. "म्हणजे जेवणाच्या टेबलावर ती एकटीच परकी आहे?" त्या रात्री बायको बाथरूममध्ये जाऊन रडली. तिथल्या स्पीच थेरपिस्टांच्या संघटनेचं नावही 'आशा'च आहे (आपली आशाताई नव्हे). दोन भाषांमुळे वाचादोष होतो याला आधार नाही, हे ती संघटना उघड सांगते. आमच्यापर्यंत पोचायला दोन वर्षं लागली इतकंच.

मुलगी आता अकरा वर्षांची. इंग्रजी जास्त बोलते, मराठी समजते, आणि पुण्याला फोन लागला की 'आजी, काय केलंस?' एवढं विचारते. उत्तर ऐकायला थांबत नाही, पण विचारते.

धोंडोपंत_दुसरे

परखड बोलतो, राग नसावा. आईबाप दोघं नोकरीला, पोराच्या हातात टॅब, आणि मग म्हणायचं ऑटिझम. आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

पावणेदोन

पंत, १९४३ मध्ये लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या नोंदी छापल्या तेव्हा टॅब सोडा, घरोघरी टीव्हीसुद्धा नव्हता. पुढची पंचवीसेक वर्षं जगाने आयांना दोष देण्यात घालवली. 'रेफ्रिजरेटर मदर' असा शब्दच होता, आईची माया फ्रिजसारखी गार म्हणून मूल असं झालं म्हणे. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला. तुम्ही फक्त फ्रिजच्या जागी टॅब ठेवलात.

वाचाघर

मी स्पीच थेरपिस्ट आहे, चौदा वर्षं काम करते. बंड्याला मी पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलणार नाही. सल्ल्याबद्दल बोलते.

दोन भाषा कानावर पडल्याने ऑटिस्टिक मुलांचं बोलणं आणखी मागे पडतं, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. एका भाषेतल्या ऑटिस्टिक मुलांशी तुलना केली तर दोन भाषांतली मुलं साधारण तिथेच असतात. शब्द मोजताना मात्र दोन्हींचे मिळून मोजायचे. मुलाला 'पाणी', 'दे', 'नको', 'रेड', 'टू' येत असेल तर त्याच्याकडे पाच शब्द आहेत. नुसते इंग्रजी मोजून 'दोनच' म्हणणं चूक.

मग हा सल्ला इतक्या ठिकाणी का मिळतो? आमची कार्डं इंग्रजीत, चाचण्या इंग्रजीत, आमचं शिक्षण इंग्रजीत. एकच भाषा म्हटलं की आमचं काम सोपं होतं. सुरुवातीची काही वर्षं मीही हेच सांगत होते. त्यातल्या काही घरांना नंतर फोन करून 'तेवढं विसरा' म्हणायला मला फार जड गेलं.

रंग-आकडे इंग्रजीत येतात कारण व्हिडिओत ते रोज त्याच सुरात, त्याच क्रमाने येतात. अशा मुलांना तो ठरावीकपणा आवडतो. पण 'ब्लू' म्हणता येणं वेगळं आणि 'माझं पोट दुखतंय' सांगता येणं वेगळं. दुसरं कामाचं आहे, आणि ते दिवसभर जो माणूस सोबत असतो त्याच्या भाषेत येतं. म्हणजे तुमच्याकडे आजींच्या.

आता 'तुला पाणी हवं का?' आणि 'मी येते हं'. याला, म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याला, आम्ही एकोलेलिया म्हणतो. पूर्वी ही नुसती पोपटपंची समजून मोडून काढायचे. तसं करू नका. पाणी मिळतं तेव्हा हे वाक्य ऐकू येतं, एवढं त्याने बरोबर पकडलंय. तो तुकडा अख्खाच्या अख्खा उचलतो, आतले सुटे शब्द त्याला अजून दिसत नाहीत. म्हणून तुम्ही त्याला उचलायला योग्य तुकडा द्या. पाणी देताना प्रश्न विचारू नका, त्याच्या तोंडचं वाक्य तुम्हीच म्हणा, 'मला पाणी हवंय', आणि द्या. 'येते'चंही तसंच. इंग्रजीत बाई जाओ की बुवा, क्रियापद तेच. मराठीत 'जातो' की 'जाते' ठरवावं लागतं, आणि तुमच्या घरात दिवसभर बोलणारी व्यक्ती बाई आहे. संध्याकाळी बाबाने बोलावं, 'मी येतो', 'मी बूट घालतो', 'मी दमलो'. तोही तुकडा तो उचलेल.

आजींना वीस शब्द पाठ करायला लावू नका. त्यांना दोनच गोष्टी सांगा. वाक्य छोटं करा, आणि बोलून झाल्यावर थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपण मराठी माणसं थांबत नाही, मूल बोलायच्या आत आपणच उत्तर देऊन टाकतो. 'हा रंग कुठला? हे काय आहे?' ही परीक्षा बंद. आणि मराठीतली आज्ञार्थी क्रियापदं किती आटोपशीर आहेत बघा: दे, ये, उघड, थांब, घे. पहिल्या शब्दांसाठी याहून चांगला माल नाही. 'नको' तर सोन्याचा. ज्याला 'नको' म्हणता येतं त्याला चावावं लागत नाही.

बोलणं फारच कमी असेल तर चित्रं वापरा. आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' नावाचं फुकट ॲप मराठीत आहे, चित्रावर बोट ठेवलं की ते बोलतं. चित्रांची सवय लागून मूल बोलायचं थांबेल ही भीती काढून टाका, तसं होत नाही.

ओली_भेळ

वाचाघर, 'त्याला चावावं लागत नाही' वाचून माझ्या दंडावरचे व्रण मोजले. सात.

माड_पोफळ

तुम्हाला इंग्रजीचा जाच, आम्हाला शुद्ध मराठीचा. आमच्या घरात मालवणी. जिल्ह्याच्या ठिकाणी एकीकडे लेकीला नेत होतो, तिथे सांगितलं की 'माका, तुका' घरात चालणार नाही, पुस्तकातली मराठी बोला. माझे वडील त्या दिवसापासून नातीसमोर रेडिओवरच्या निवेदकासारखे बोलायला लागले. 'बाळ, तुला दही हवे आहे का?' घरातली कुत्रीसुद्धा चमकून बघायची.

लेक 'मला नको' शिकायला दीड वर्ष झटली. कार्ड पुढे करायची, तोंड उघडायची, शब्द यायचा नाही. मग एक दिवस अंगणात शेजारच्यांचा कोंबडा तिच्यावर धावून आला. ती दोन्ही हात पुढे करून ओरडली, "माका नको!" वडील ओट्यावर बसले होते. तिथूनच ओरडले, "गो बाय माझे!" आणि झाली पुस्तकातली मराठी बंद.

आता ती नऊ वर्षांची आहे. बाजारात बोटाने दाखवून 'ह्या व्हया' म्हणते. मासेवालीला कळतं, मला कळतं. आणखी कोणाला कळायला हवंय?

जुनाट_रेडिओ

मुलगा बावीस वर्षांचा आहे. या धाग्यावर मी बहुधा सगळ्यांत जुना बाप असेन, म्हणून लिहितो.

आमच्या वेळी ऑटिझमचं प्रमाणपत्रच मिळत नव्हतं. १९९५ च्या अपंग कायद्यातल्या सात प्रकारांत ऑटिझम नव्हताच. त्यामुळे कागदावर आमच्या मुलाला बरीच वर्षं 'मतिमंद' लिहिलेलं होतं. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकार आले, त्यात ऑटिझम आला, तेव्हा कागद बदलून घेतला. हे सगळं एकट्याने करताना जो जे सांगेल ते ऐकलं. तो चार वर्षांचा असताना एका मोठ्या डॉक्टरांनी मराठी बंद करा म्हटलं. केली. आम्हाला दोघांना इंग्रजी येत होतं, अडचण नव्हती. माझे वडील तेव्हा होते, त्यांना येत नव्हतं. ते नातवाजवळ बसून पेपर वाचायचे, मोठ्याने नाही.

अडचण आता येते, केवडा. शाळा संपली, थेरपिस्ट संपले. उरलं काय? किराणा दुकान, बसचा कंडक्टर, इस्त्रीवाला, सोसायटीचा वॉचमन. मुलाला मी बसने एकट्याने चार थांबे जायला शिकवलं. आठ महिने लागले. सगळं पाठ झालं, पण कंडक्टर 'कुठं जायचंय?' म्हणाला की हा त्याच्याकडे बघत राहतो. मी त्याला घरी 'वेअर डू यू वॉन्ट टु गो'चं उत्तर शिकवलंय ना. कंडक्टरला वाटतं मुलगा उद्धट आहे. एकाने भर बसमध्ये 'मुका आहे का रे?' विचारलं. मी दोन सीट मागे बसून बघत होतो, मध्ये पडायचं नाही असं ठरवलं होतं म्हणून.

आता बाविसाव्या वर्षी मराठी शिकवतोय. शिकतोय तो. कोथरूड डेपो म्हणायला लागलाय.

केवडा

रेडिओकाका, काय लिहू कळत नाही. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवलं तुमचं. तो काही बोलला नाही, उठून बंड्याच्या शेजारी जाऊन बसला.

सोनटक्का२

ऑटिझम पूर्ण बरा होतो!! आमच्या ओळखीच्यांच्या मुलाला स्टेम सेलने ८० टक्के फरक. माहितीसाठी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

जुनाट_रेडिओ

व्यनि करू नका कुणीही. स्टेम सेलच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या वगैरे काही मोजक्या आजारांपलीकडे हा उपचार म्हणून विकता येत नाही, फक्त रीतसर चाचणीत करता येतो. ऑटिझम त्या मोजक्या आजारांत नाही. मी या वाटेने जाऊन आलोय, पैसे गेले ते गेले, मुलाला तीन वेळा भूल दिली त्याचं अजून वाईट वाटतं. मुलं वाढतात, दर वर्षी काहीतरी नवं शिकतात, तो फरक आयता कुणीतरी आपल्या खात्यावर लावून घेतं.

ओली_भेळ

अवांतर विचारते, रागावू नका. प्रमाणपत्र आत्ताच काढावं की थांबावं? सासरे म्हणतात एकदा शिक्का बसला की बसला.

जुनाट_रेडिओ

काढा. सरकारी रुग्णालयात इसा नावाची ४० मुद्द्यांची चाचणी घेतात, ७० किंवा जास्त गुण आले की ऑटिझम धरतात. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर शाळा, परीक्षेतल्या सवलती सगळ्यासाठी तो कागद लागतो. आयकरात ७५,००० ची वजावट आहे, जुन्या करप्रणालीत. निरामय विमा १ लाखापर्यंतचा आहे, त्यात थेरपीचा खर्चही काही प्रमाणात बसतो. आणि मूल अठराचं झालं की कायदेशीर पालकत्व वेगळं घ्यावं लागतं, आईबाप असलात तरी. १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे अर्ज करायचा. हे मला बँकेच्या काउंटरवर कळलं. सासऱ्यांना सांगा, शिक्का लोक मारतात, प्रमाणपत्र असो वा नसो.

कडूनिंब_शेंडा

वेगळा सूर लावतो. आमचा मुलगा इंग्रजीच बोलतो. आम्ही घरात कायम मराठी बोलतो, कुणी सल्ला दिला नव्हता, तरीही. सगळं इंटरनेटवरून उचललं, वर उच्चार अमेरिकन. मराठीत विचारलेलं कळतं, उत्तर इंग्रजीत. आधी फार लागायचं. मग माझ्या आईने, वय वर्षं चौऱ्याहत्तर, त्याच्या इंग्रजी शब्दांची वही घातली. आता दोघांचं बरं चाललंय. तो म्हणतो 'आय वॉन्ट मँगो', ती म्हणते 'आंबा हवा? घे की मँगो.' तेव्हा ज्यांची मुलं इंग्रजीकडे गेली त्यांनी आपण मराठी बुडवली म्हणून छाती पिटू नये. मूल कुठल्या भाषेत दार उघडेल ते आपल्या हातात नसतं.

वाचाघर

कडूनिंब, शंभर टक्के अनुमोदन. मूल ज्या भाषेत बोलेल ती घ्यायची. माझा आक्षेप घरच्यांचं तोंड बंद करण्याला आहे. 'घे की मँगो' तर मी उद्या पालकांना सांगणार आहे, तुमच्या आईंना कळवा.

धोंडोपंत_दुसरे

आधीचं लिहिलेलं वाचलं पुन्हा. माझा एक आतेभाऊ होता. कुणाशी बोलायचा नाही, लग्नाकार्यात घरीच ठेवायचे. एसटी स्टँडवर दिवसभर बसायचा. कराड, पाटण, चिपळूण, सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, गाडी उशिरा आली की कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन कान झाकून ओरडायचा. त्याला आम्ही खुळा म्हणायचो. 'आमच्या वेळी नव्हतं' हे मागे घेतो. टॅबबद्दलचं मत कायम.

पावणेदोन

पंत, टॅबबद्दल आपण वेगळा धागा काढून भांडू.

केवडा

तीन आठवडे झाले, म्हणून कळवते.

सेंटरमध्ये बोललो. मोठ्या मॅडम म्हणाल्या 'तुमची मर्जी', जरा तुटकपणेच. पण बंड्याला शिकवणारी मुलगी लातूरची आहे, ती बाहेर येऊन हळूच म्हणाली, "मी सेशनमध्ये मराठी बोलू का मग? मलाही बरं पडेल."

सासूबाईंना हा धागा वाचून दाखवला. कोंबड्याला हसल्या, रेडिओकाकांच्या वडिलांपाशी डोळे पुसले. शेवटी म्हणाल्या, "मग ते फ्रिजवरचं काढ आता, तेल उडून घाण झालाय कागद."

चमत्कार वगैरे काही नाही. झाकणं फिरवणं चालू आहे, केस कापायला अजून चौघं लागतात, रात्री दोनला उठून खिदळणं आहेच. 'येते'चं 'येतो' झालेलं नाही. एक मात्र सांगते. कुकरच्या शिट्टीला तो फार घाबरायचा, कान दाबून जमिनीवर लोळायचा. वाचाघर यांनी छोटी वाक्यं सांगितली तेव्हापासून आई गॅसपाशी उभ्या राहून आधीच सांगतात, "शिट्टी येणार हं." आणि थांबतात. गुरुवारी मी घरूनच काम करत होते. कुकर फुरफुरायला लागला, आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या, कुणी काही बोललं नव्हतं. हा स्वयंपाकघराच्या दारातून हुबेहूब आईंच्या आवाजात म्हणाला, "शिट्टी येणार हं", आणि स्वतःच्या पायाने आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसला. शिट्टी झाली. बाहेर आला.

ओली_भेळ

अगं!!

माड_पोफळ

आजींका माझो नमस्कार सांग.

केवडा

सांगितला. त्या सध्या कार्डांच्या मागे आहेत. जेलोमधली काही चित्रं वापरतोय, बाकीची आपल्या घरातल्या वस्तूंचे फोटो काढून. मी शेंगभाज्यांचं मिळून एकच कार्ड केलं होतं, ते आईंनी नापास केलं. घेवडा वेगळा आणि वालपापडी वेगळी, पोराला चुकीचं शिकवू नकोस म्हणाल्या. तर उद्या मंडईतून दोन्ही आणून फोटो काढायचेत. कुणाकडे प्लास्टिक लॅमिनेशनचं घरगुती मशीन असेल तर कुठलं घ्यावं सांगा, बंड्या कार्डं चावतो.